तअद्दुद, वारंवारिता आणि आपली मुले

एफएम रेडिओवरचा '१०० मेगाहर्ट्झ' हा आकडा कशाचा, असे दहावीच्या मुलांना विचारून पाहा. उर्दू माध्यमाचा मुलगा 'तअद्दुद' म्हणेल, मराठीचा 'वारंवारिता', हिंदीचा 'आवृत्ती'. तिघांची उत्तरे बरोबर, तिघांनाही गुण. मात्र ती लहर सेकंदाला १० कोटी वेळा हेलकावते, हे स्वतःच्या शब्दांत सांगणारा क्वचितच सापडतो. अकरावीला विज्ञान शाखेत गेला, की त्याच्यापुढे 'फ्रिक्वेन्सी' येते आणि जुने पाठांतर वाया जाते. मग मुलगा कच्चा आहे, असे आपणच म्हणतो!

दोष मुलाचा नाही, परिभाषा घडवणाऱ्यांच्या दृष्टीचा आहे. हैदराबाद संस्थानात १९१७ साली दारुत्तर्जुमा स्थापन झाले, पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ आले. वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवण्याचे ते धाडस मोठे होते. पण शब्द घडले ते बहुतांशी अरबी-फारसी धातूंतून. त्याच संस्थानातल्या मराठवाड्यात घरोघरी मराठी आणि दखनी बोलली जात होती, तिची दखल किती घेतली गेली? पुढे १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय आले, तेव्हा अरबीच्या जागी संस्कृत बसली. पंडित बदलले, पद्धत तीच राहिली. शेतकरी, कारागीर, बाई यांच्या तोंडचा शब्द दोघांनाही हलका वाटला.

इंग्रजीचे काय झाले? 'ब्रॉडकास्ट' हा मुळात शेतातला शब्द. मुठीने बी चौफेर उधळून पेरणे म्हणजे ब्रॉडकास्ट. आपला शेतकरी यालाच फोकून पेरणे म्हणतो. 'स्ट्रीम' म्हणजे ओढा, 'क्लाउड' म्हणजे ढग, 'वेब' म्हणजे कोळ्याचे जाळे. 'पिक्सेल' म्हणजे चित्राचा एक कण. ज्या शब्दांना आपण दबून असतो, ते त्यांच्या अंगणातले आहेत.

आपल्या सभांमधून 'अल्गोरिदम' हा शब्द अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून आला, असे अभिमानाने सांगतात. खरेच आहे ते. परंतु टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना अल्गोरिदम म्हणजे काय, हे सांगता येईल? अरबांनी भारताचे 'शून्य' घेतले तेव्हा उच्चार नव्हे, अर्थ उचलला. रिकामे या अर्थाचा 'सिफ्र' हा आपला शब्द त्यांनी त्याला दिला. त्यातूनच युरोपचा 'झिरो' आला. वारसा सांगायचा तर हा सांगावा.

कोणी म्हणेल, अशाने उर्दू मरेल. उर्दू मरते आहे ती पाठांतराने. ज्या भाषेत मूल विचार करत नाही, ती प्रमाणपत्रापुरती उरते. इंग्रजी माध्यम हाच उपाय, असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. न समजता पाठ केलेली 'बँडविड्थ' ही न समजलेल्या 'तअद्दुद'पेक्षा शहाणी नसते.

मागणी साधी आहे. जगभर चालणारा शब्द जसाच्या तसा ठेवा. त्याचा अर्थ मात्र फळ्यासमोर दखनीत, कोकणीत, मराठीत, मुलाच्या घरच्या बोलीत उलगडा. परीक्षेत 'संज्ञा लिहा' ऐवजी 'तुझ्या शब्दांत सांग' असे विचारा, आणि त्या शब्दांना पूर्ण गुण द्या. नाहीतर मोबाईल आपल्या मुलांच्या हातात राहील आणि त्याची विद्या दुसऱ्यांच्या.