सरकारी भाव आणि गल्लीचा भाव

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, ओतकामाच्या भट्टीपाशी किंवा यंत्रशाळेत ज्यांचा हात बसला, असे कारागीर आणि अभियंते नोकरीसाठी दुबईस जातात, मस्कतला जातात, कोणी आफ्रिकेचीही वाट धरतात. त्यांच्या पगारावर घरचे कर्ज फिटते, बहिणीचे लग्न होते, दोन खोल्यांच्या घरावर मजला चढतो. परंतु हा पगार घरी पोहोचण्यापूर्वी त्यास हुंडणावळीच्या दारातून जावे लागते. आणि ही दारे दोन आहेत. एक बँकेचे, दुसरे गल्लीतल्या दलालाचे. दुसऱ्या दारी भाव बरा मिळतो आणि कागदपत्र कोणी विचारीत नाही. मग पहिल्या दाराने का जावे, या प्रश्नास केवळ नीतिपाठाने उत्तर देता येणार नाही. गल्लीतला भाव निर्माण कसा होतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

नायजेरियाचे उदाहरण ताजे आहे. जून २०२३ पर्यंत तेथे डॉलरचा सरकारी दर सुमारे ४७० नायरा होता, आणि लागोसच्या रस्त्यावर तोच डॉलर सुमारे ७५० नायऱ्यांस विकला जात होता. ज्याच्या हाती डॉलरच्या नोटा होत्या, त्याने बँकेची पायरी चढणे म्हणजे जाणूनबुजून नुकसान सोसणे होते. उलट ज्याचा पगार नायऱ्यांत आणि कुटुंब कोल्हापुरात, त्यास सरकारी दराने डॉलर मिळणेच दुरापास्त. त्याने तो रस्त्यावर चढ्या भावाने घ्यावा, अन्यथा घरी पैसे पाठवू नयेत. जून २०२३ मध्ये सरकारने दर मोकळा केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी दरच दीड हजार नायऱ्यांच्या आसपास गेला. अर्जेंटिनात तर चोरट्या बाजारातील ‘निळ्या डॉलर’चा भाव वर्तमानपत्रे रोज छापीत. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सरकारने सरकारी दर एका फटक्यात सुमारे ३६६ पेसोंवरून ८०० वर नेला, तेव्हा बाजार काय म्हणत होता हे सरकारनेच मान्य केल्यासारखे झाले. सरकारी भावात असत्य किती आहे, ते गल्लीचा भाव मोजून दाखवितो.

हा धडा आपल्या देशाने फार पूर्वी घेतला आहे. एके काळी आखाती संस्थानांत आपलाच रुपया चलन म्हणून चालत असे. येथे सोन्यावर निर्बंध आणि तेथे सोने स्वस्त, त्यामुळे चोरटे सोने इकडे येई, त्याच्या मोबदल्यात रुपये तिकडे जात, आणि ते रिझर्व्ह बँकेकडे परत येऊन देशाच्या परकीय गंगाजळीवर हात मारीत. यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी निराळ्या नोटा काढाव्या लागल्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर त्यांचेही चलन आटोपले. १९७३ चा कठोर परकीय चलन कायदा आला, १९७४ मध्ये तस्करांस स्थानबद्ध करण्याचा कायदा आला, तरी हवाल्याच्या पेढ्या ओस पडल्या नाहीत. त्यांना खरा धक्का बसला तो १९९३ च्या मार्चमध्ये दर बाजारावर सोपविल्याने. १९९०-९१ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी पाठविलेली रक्कम सुमारे २ अब्ज डॉलर होती. १९९६-९७ मध्ये ती सुमारे १२ अब्जांवर गेली. एवढ्या वाढीस माणसांची नवी भरती एकटी कारण होऊ शकत नाही. जो पैसा पूर्वी मागील दाराने येत होता, तो पुढील दाराने येऊ लागला. तुरुंगाच्या भीतीने जे साधले नाही, ते खऱ्या दराने साधले.

असे असता आजही हवाला जिवंत का? जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर आले, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे अशा रकमांचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्राचा होता. दरातील मोठी तफावत येथे आता उरलेली नाही. परंतु बँकेचा आकार, तिच्या वेळा आणि कागदपत्रांची दगदग ही उरली आहे. ज्या मजुराजवळ परवान्याचे कागद धड नाहीत, त्यास बँक उभी करीत नाही. दलाल मात्र रात्री दहा वाजताही ओळखीवर पैसे घेतो.

तथापि या सोयीची किंमत कोण देतो, हे आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावे. हवाल्यात पैसा समुद्र ओलांडीतच नाही. दुबईतला दलाल दिरहम ठेवून घेतो आणि त्याचा येथील जोडीदार कुटुंबास रुपये पोहोचवितो. हे रुपये येतात कोठून? कर चुकविणाऱ्याकडून, चोरटे सोने विकणाऱ्याकडून, आणि अलीकडे दूरध्वनीवरून भोळ्या माणसांस लुबाडणाऱ्या टोळ्यांकडून. अशी लुबाडलेली रक्कम खात्यात जमा झाली की तिचा माग काढीत पोलीस येतात आणि खाते गोठविले जाते. परदेशात घाम गाळणाऱ्याने कमावलेला पैसा स्वच्छ. पण घरी पोहोचलेला पैसा दुसऱ्याच्याच लुटीचा! मुलाने पाठविले म्हणून आईने घेतले, एवढ्याने तिचा त्रास टळत नाही. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यान्वये अधिकृत मार्ग टाळून असे पैसे स्वीकारणे हाही भंगच आहे, आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो.

रोख घेऊन परतणाऱ्यासही सरळ वाट मोकळी आहे. ५,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा घोषणापत्राविना आणता येतात. त्याहून अधिक असल्यास विमानतळावर तसे लिहून द्यावे लागते, त्यावर बंदी नाही. कायमचा परतलेला माणूस नोटांच्या रूपाने २,००० डॉलरपर्यंत स्वतःजवळ ठेवू शकतो. बाकीचे १८० दिवसांत अधिकृत विक्रेत्यास द्यावे किंवा परकीय चलनाच्या खात्यात भरावे.

आमचे म्हणणे दोघांस आहे. फेब्रुवारी २०२३ पासून सिंगापूरहून भारतात भ्रमणध्वनीवरून क्षणात पैसे पाठविता येतात. हीच सोय ज्या देशांत आपला कामगार खरोखर राबतो, तेथवर सरकारने नेटाने न्यावी आणि आकार नाममात्र ठेवावा. आणि शिरोलीच्या ज्या कारखानदारांची माणसे यंत्रे बसविण्यास परदेशी जातात, त्यांनी पगाराचा मोठा भाग येथील बँक खात्यात जमा करण्याचे कलम करारातच घालावे. जेथील सरकारचा दर खोटा, तेथे आपल्या माणसास गल्लीत उभे करून त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा पाहणे न्यायाचे नाही. गल्लीचा बाजार दंडुक्याने उठत नाही. बँकेचे दार त्याहून स्वस्त आणि सोपे झाले, की तो आपोआप ओस पडतो.