बाटलीतली साक्ष

नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणीत दूषित पाण्याने गॅस्ट्रोची साथ पसरली. हजारो रहिवासी आजारी पडले, दवाखान्यांत जागा पुरेना. सलाईन लागली, माणसे घरी गेली. अशा वेळी नमुने जपून ठेवावेत, असे किती जणांना सुचते?

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात गटार मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गर्भवतींच्या ती जास्तच जिवावर बेतली. पुढे ही कावीळ 'ए' प्रकारचीच, असे धरून चालले गेले. पुण्याच्या विषाणू संस्थेच्या पहिल्या महिला संचालक डॉ. खोरशेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांसह या साथीतले जपलेले रक्तजल तपासले. निष्कर्ष १९८० मध्ये आला: हा 'ए' नव्हे, 'बी'ही नव्हे! या विषाणूला पुढे 'ई' नाव मिळाले. चोवीस-पंचवीस वर्षे त्या बाटल्या कोणी फेकल्या नाहीत, माझ्या मते हेही संशोधनच.

छावणीत पुन्हा नळाला वास आला, तर सलाईनच्या रांगेतच गल्ली नि तारीख लिहून प्रत्येकाचा नमुना घ्या. पाइप कुठे फुटला, हे त्यावरूनही कळते.