वहीच्या मागच्या पानांवरची एम४१६

शेजारच्या वहिनींनी परवा पोराची गणिताची वही माझ्यापुढे आपटली. "भाऊजी, तुम्ही पत्रकार ना? बघा या पोरांचं काय चाललंय!" पोरगा आठवीत. मागच्या सहा पानांवर एकच वस्तू, निळसर बर्फाच्या रंगातली रायफल. शाळेतून पालकांना बोलावणं आलेलं.

खरं सांगतो, आधी मला कौतुकच वाटलं. दस्ता, मॅगझिनचा बाक, वरच्या पट्टीच्या खाचा, सगळं मापात. पब्जी खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, ही एम४१६ आणि तिचा 'ग्लेशियर' रंग तो डोळे मिटून सांगेल. २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला. इंटरनेटवर तर या रायफलीच्या फॅन आर्टचा ढीग पडलाय.

पण ही बंदूक नुसती खेळातली नाही. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीची एचके४१६ म्हणजेच ही. अमेरिकन एम४ मध्ये गोळी सुटल्यावरचा गरम वायू नळीतून थेट आतल्या यंत्रणेत येतो, काजळी धरते. जर्मनांनी तिथे पिस्टन बसवला. वायू पुढच्या पुढे राहतो, दांडा ढकलतो, आतला भाग स्वच्छ राहतो. नॉर्वेच्या सैन्याने ती घेतली, २०१६ मध्ये फ्रान्सनेही निवडली.

पोराला हे सांगितलं तर तो डोळे विस्फारून ऐकत बसला. मग विचारलं, "वजन किती असेल रे?"

"गेममध्ये वजन नसतं काका."

माझा मुद्दा इथेच आहे. खऱ्या रायफलीला साडेतीन किलोच्या आसपास वजन असतं. तीस गोळ्यांचं मॅगझिन दोन-अडीच सेकंदांत रिकामं होतं. आणि समोर माणूस असतो, तो पुढच्या डावात परत उठत नाही. तालुक्यातल्या एका जवानाच्या अंत्यसंस्काराला मी बातमीसाठी गेलो होतो. मानवंदनेच्या फैरी नुसत्या हवेत झाडल्या, तरी मोबाईल उंच धरून उभी असलेली पोरं दचकून मागे सरली. त्या रायफली वेगळ्या होत्या, पण तो आवाज कुठल्याच हेडफोनमध्ये येत नाही.

मात्र पोरांना शिव्या देण्याआधी आम्ही पत्रकारांनीही आरशात बघावं. भांडणात गावठी कट्टा निघाला, तरी बातमीला आम्ही गूगलवरून एके-४७ चा फोटो चिकटवतो. मीही चिकटवलाय. बंदूक शोभेची वस्तू आम्हीही केली, मग सगळा दोष आठवीतल्या पोराच्या माथी कसा मारायचा?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वही फाडू नका, पोराला गुन्हेगारासारखं उभं करू नका. ज्याला खाचा इतक्या नीट दिसतात, त्याची नजर चांगली आहे. त्याला चित्रकलेच्या सरांकडे पाठवा, उद्या मशीन ड्रॉइंग शिकू द्या. पण एकदा शेजारी बसून हेही सांगा, की ही वस्तू कशासाठी बनवलीय आणि ती चालल्यावर काय होतं. गावात निवृत्त फौजी असतील तर त्यांनाच बोलवा. आमच्यापेक्षा ते बरं सांगतील.

तुमच्या घरच्या वह्यांची मागची पानं शेवटची कधी बघितली होती? कमेंटमध्ये सांगा.