मे महिन्यातलं काँक्रीट आणि बिलात न दिसणारं ऊन



परवा दाजी आले होते. रस्त्यापासून त्यांच्या शेतातल्या शेडपर्यंत १०० फूट लांब, १० फूट रुंद काँक्रीट टाकायचं चाललंय. ठेकेदाराने चौरस फुटाला ८५ रुपये सांगितलेत. "तू दोन वर्षांपूर्वी टाकलंस, तुला काय पडलं? ८५ बरोबर आहे का?" एवढाच त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, दाजी, चहा घ्या आणि माझ्या शेडकडे चला, तिथेच दाखवतो.

त्यांची घाई मला कळते. मृगबाग आहे, कापणी जून-जुलैपासून सुरू होईल. काळी जमीन, दोन पाऊस झाले की आयशर आत येत नाही. मागच्या पावसाळ्यात ट्रॅक्टरने घड रस्त्यापर्यंत ओढावे लागले. माल घासला गेला आणि व्यापाऱ्याने क्विंटलमागे ६० रुपये कापले. रस्ता नाही म्हणून पैसे गेले, म्हणजे रस्ता हवाच. त्यात वाद नाही.

वाद आहे तो मे महिन्याचा.

माझं काँक्रीट मे २०२३ मधलं. शेत मोकळं, मजूर मोकळे, पावसाच्या आत उरकायचं, हाच हिशोब. मिक्सर यायला उशीर झाला आणि काम सुरू झालं सकाळी ११ ला. पारा ४४ वर. खडीचा ढीग आठ दिवस उन्हात तापलेला. पाणी घेतलं ते काळ्या पाइपातून आणि काळ्या टाकीतून. ठिबकच्या नळीतलं दुपारचं पाणी एकदा हातावर घेऊन बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. माल मिक्सरमधून पडून पसरेपर्यंत घट्ट व्हायला लागला, की मजूर पाइप धरून वरून पाणी मारणार. मीही तिथे उभा होतो. मीच म्हटलं असेल, "मारा थोडं, सपाट होऊ द्या."

एका पोत्याला सगळं मिळून साधारण २५ लिटर पाणी पुरतं. वाळू ओली असेल तर तेही त्यातच धरायचं. आम्ही किती घातलं याचा हिशोबच नव्हता. चार वाजता वर केसासारख्या रेघा दिसल्या. ठेकेदार म्हणाला, "सिमेंट आहे, रेघा पडतातच." संध्याकाळी पोती टाकली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी विजेचं वेळापत्रक बदललं, मोटर रात्रीचीच चालायला लागली आणि जे पाणी मिळेल ते केळीला गेलं. मे महिन्यात केळीच्या तोंडचं पाणी काढून सिमेंटवर ओतायचा धीर कुणाला होतो?

पहिल्या पावसाळ्यात वरचा थर भुकटी होऊन निघाला. ट्रॉलीच्या चाकांखाली खडी उघडी पडली. दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याकडचा ३० फूट तुकडा खचला आणि आरपार फुटला. तिथे खालची काळी माती काढलीच नव्हती, वरच थोडा मुरूम पसरला होता. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर सहा इंचांची लादी टिकेल असं वाटणं हा माझा अडाणीपणा.

हे दाखवल्यावर दाजी म्हणाले, "मग वाळवंटात लोक काय करत असतील?"

प्रश्न बरोबर होता, आणि योगायोगाने उत्तर घरातच होतं. आमचा भाचा अमेरिकेत फिनिक्सला असतो. ॲरिझोनाचं वाळवंट, वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत पाऊस. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. त्याने घरापुढे दोन गाड्यांपुरतं, म्हणजे ६०० चौरस फूट, नवं काँक्रीट टाकायचं ठरवलं तेव्हा आलेला कागद मला पाठवला होता. चार इंच जाडी, चौरस फुटाला ११ डॉलर, एकूण ६,६०० डॉलर. रुपयात करून बघू नका, त्यांची मजुरी वेगळी आणि आपली वेगळी. मी बघितलं ते दुसरंच. त्या कागदावर काम पहाटे ४ ला सुरू होईल असं लिहिलेलं होतं. पांढरं क्युरिंग कंपाउंड फवारायची वेगळी ओळ होती. सांधे त्याच दिवशी कापायचे, तेही लिहिलेलं. म्हणजे तिथे उन्हाचा खर्च बिलात धरलेला आहे. आपल्याकडे पारा तोच असतो, पण ऊन फुकटात धरलं जातं आणि वसुली दोन वर्षांनी होते.

नियम आपल्याकडे नाहीत असंही नाही. आयएस ७८६१ नावाचं मानक आहे, हवा ४० अंशांच्या वर गेली की ते काम 'उष्ण हवामानातलं काँक्रीट' धरतं. सिमेंट किती वेळात आवळतं याची चाचणी २७ अंशांच्या आसपास होते. आपण ते ४४ वर वापरतो आणि म्हणतो, लवकर घट्ट झालं.

आता ८५ रुपयांचं बघू. दाजींच्या १,००० चौरस फुटांना सहा इंच जाडीने ५०० घनफूट, म्हणजे १४ घनमीटरच्या थोडं वर काँक्रीट लागेल. एम२० च्या १ : १.५ : ३ मापाला घनमीटरला आठ पोती धरा, ११३ पोती होतात. आमच्याकडच्या ३६० च्या भावाने ४०,६८० रुपये. सव्वादोन ब्रास क्रश सँड आणि सव्वाचार ब्रास खडी मिळून २४ हजार. मिक्सर आणि मजुरी फुटाला २५ धरली तर २५ हजार. बेरीज झाली ८९,६८०. मग ८५ मध्ये सहा इंच बसतं कसं? बसत नाही. एकतर चार इंच पडणार, नाहीतर पोती कमी पडणार. ठेकेदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. आपण जाडी आणि पोती विचारत नाही, फक्त दर विचारतो, म्हणून तोही फक्त दरच सांगतो.

शिवाय त्या ८५ मध्ये खालचं काहीच नाही. काळी माती उकरून नऊ इंच कठीण मुरूम, थराथराने पाणी मारून दाबायचा, त्याला १२ ब्रास म्हणजे १४,४०० रुपये. जेसीबी आणि रोलर ८ हजार. मुरमावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद अडीच हजार. सांधे कापायचे ३ हजार. सगळं मिळून १,१७,५८० रुपये, म्हणजे फुटाला ११८ च्या जवळ. हे आमच्या भागातले माझे भाव आहेत, तुमच्याकडे मुरूम लांबून येत असेल तर वाढतील.

राहिलं पाणी. ठिबकचं पाणी ठरवताना आपण बाष्पीभवन धरतो, तसंच इथे धरा. १,००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. मेमध्ये दिवसाला १२ मिलिमीटर उडतं म्हटलं तर रोज साधारण ११०० लिटर. वाफे करून दोन इंच पाणी उभं करायला सुरुवातीला ४,७०० लिटर. आयएस ४५६ कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस ओलं ठेवा म्हणतं आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १४ दिवसांची शिफारस करतं. गावात मिळतं ते बहुतेक पीपीसीच. म्हणजे १४ दिवसांचे २० हजार लिटर, गळती-सांडपाणी धरून ३० हजार. दहा हजाराचे तीन टँकर. १,८०० प्रमाणे ५,४०० रुपये. फुटाला साडेपाच रुपयेसुद्धा नाहीत.

हा आकडा काढला तेव्हा मलाच शरम वाटली. तीस हजार लिटर म्हणजे १,५०० केळीचं एका दिवसाचं पाणी. मी पाण्याचं कारण सांगत होतो, खरं तर मी लक्ष दिलं नाही. फुटलेला ३०० चौरस फूट तुकडा तोडायला आणि राडारोडा उचलायला ९ हजार, तो नीट खणून पुन्हा टाकायला ३५ हजार. ५,४०० वाचवले आणि ४४ हजार घातले. (मंडळी हसतील, पण हा हिशोब घरात अजून पूर्ण सांगितलेला नाही.)

पाण्याबद्दल एक महत्त्वाचं, खासकरून खारपाणपट्ट्यातल्या मित्रांसाठी. बोअरचं पाणी ठिबकला चालत नाही म्हणून सिमेंटला वापरू, असं करू नका. पाणी तपासलं असेल तर अहवालात क्लोराइड बघा. लोखंड असलेल्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, बिनलोखंडी कामाला २,०००. खाऱ्या पाण्याने सळई आतून गंजते आणि वरून काही दिसत नाही.

दाजींना मी सांगितलं ते असं. मेमध्ये फक्त मुरूम करा. काळी माती काढा, थर नीट दाबा, दोन्ही बाजूंनी चर काढा आणि याच पावसाळ्यात त्याच्यावरून गाड्या जाऊ द्या. दोन-चार ठिकाणी चाक बसेल. बसू द्या, तीच कच्ची जागा आहे, तिथे पुन्हा भरा. काँक्रीट दिवाळीनंतर. विहिरीला पाणी असतं, ऊन निवलेलं असतं, रोलरने न सापडलेलं पावसाने दाखवलेलं असतं.

ते म्हणाले, "दिवाळीनंतर मजूर कुठे मिळतो? सगळे कापसात असतात." खरं आहे. मजुरी जास्त जाईल, दिवसही हवे तेव्हा मिळणार नाहीत. तरी मी तेच म्हणेन.

ज्यांना मेमध्येच टाकणं भाग आहे त्यांनी निदान एवढं करावं. खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारा, टाकी सावलीत घ्या, काम पहाटे सुरू करून ९ च्या आत आवरा. उरलेलं दुसऱ्या पहाटे. सांधे दर १० फुटांवर, दीड इंच खोल, त्याच संध्याकाळी कापून घ्या, उद्यावर ढकललं तर काँक्रीट आपल्या मनाने जागा निवडतं. उष्ण वारा असेल तर आडोसा बांधा, उन्हापेक्षा वारा जास्त पाणी खेचतो. रस्त्याला उतार असतो, म्हणून वाफे लहान करा. केळीवाल्यांना आणखी एक सोय आहे: दुसऱ्या दिवसापासून ओल्या पोत्यांवर वाळलेल्या पानांचा थर द्या. डाग पडतील, पडू द्या. पाणी देणं जमणारच नसेल तर पांढरं क्युरिंग कंपाउंड आणा, एवढ्या जागेला २० लिटरचा डबा जेमतेम पुरतो. वरची ओल सुकताच लगेच फवारायचं. स्प्रे पंप तर आपल्याकडे आहेच, फक्त तणनाशकाचा घेऊ नका, चोक झाला तर पंप जाईल.

आणि सगळं दहा फूट रुंद लागतंच का, हाही विचार करा. सरळ भागात चाकांखाली तीन-तीन फुटांचे दोन पट्टे पुरतात, १,००० चे ६०० फूट होतात. वळणावर आणि शेडपुढे मात्र पूर्ण हवं, तिथे गाडी कशीही फिरते.

दाजी पट्ट्यांना तयार नाहीत. "पाहुणे आल्यावर अर्धवट दिसतं," म्हणतात. मुरमाला मात्र हो म्हणालेत. शनिवारी जेसीबी येतोय, मी सकाळी ६ ला तिकडे पोहोचणार आहे. ठेकेदाराला दिवाळीनंतरचा दर आत्ताच लिहून मागितलाय, जाडी आणि पोत्यांसकट. त्याने अजून फोन उचललेला नाही.