कोणाची आज्ञा पाळायची?

पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा युरोपी बनावटीची आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून ज्या घंटा आणल्या त्यांतलीच ही एक, असे सांगतात. चर्चमध्ये होती तेव्हा ती भाविकांना उपासनेला बोलवत असणार. आता ती ज्या देवळात आहे, ते एका बापाची आज्ञा मोडणाऱ्या मुलाच्या नावाचे आहे. बल्लाळ गावातली पोरे जमवून एका दगडाची गणपती म्हणून पूजा मांडायचा. बाप कल्याणशेठ चिडला. त्याने तो दगड भिरकावून दिला, पोराला बडवले आणि झाडाला बांधून ठेवले. गणपती धावून आला तो पोरासाठी. बापाने फेकलेला दगड आज धुंडी विनायक म्हणून पुजला जातो आणि बल्लाळेश्वराच्या आधी त्याचे दर्शन घ्यायची रीत आहे.

देवाला आज्ञाधारक माणसे आवडतात, हे वाक्य सगळ्याच धर्मांत सहज बोलले जाते. ख्रिस्ती प्रवचनांत तर फारच. त्याला आधारही भक्कम आहे. यज्ञबलीपेक्षा आज्ञापालन श्रेष्ठ, असे बायबलमधला संदेष्टा शमुवेल शौल राजाला सुनावतो. योहानाच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात येशू आज्ञा पाळण्याविषयी बोलतो आणि लगेच शिष्यांचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून हे सांगितले, असे म्हणतो. म्हणजे आज्ञापालन आणि आनंद यांची सांगड खुद्द शुभवर्तमानानेच घातली आहे. पण लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊ आठवावा. उधळ्या धाकट्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, थोरल्याकडे कोणी फारसे बघत नाही. त्याने बापाचा एकही शब्द मोडलेला नाही, वर्षानुवर्षे राबला आहे, आणि घरात वाजतगाजत मेजवानी चालू असताना तो बाहेर फुरंगटून उभा आहे. आज्ञा पाळूनही आनंद हाती लागत नाही, याचे याहून नेमके चित्र आम्हाला ठाऊक नाही.

मराठी ख्रिस्ती समाजात हा पेच सर्वांत स्पष्ट मांडला तो पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन. रमाबाई पत्रांत त्यांना लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. पण दोन वर्षांत याच आजीबाईंशी कडाक्याचे वाद झाले. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंच्या गळी उतरेना. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हे बिशप ठरवू लागले, तेव्हा त्या खवळल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्या लोकांना कळेल अशी भाषा का नको, हाही त्यांचा सवाल होता. देवाची आज्ञा मान्य, पण तिचा अर्थ लावायचा मक्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही, असा एकूण सूर.

आज वाचताना आपण झटकन रमाबाईंच्या बाजूला उभे राहतो. साम्राज्याच्या मायभूमीत एकटी पंचविशीतली विधवा बिशपांना जाब विचारते, हे दृश्यच तसे आहे. पण जेराल्डीन यांचे म्हणणे नुसते अहंकाराचे नव्हते. ज्याला जे पटेल तेवढेच त्याने देवाचे म्हणून उचलायचे ठरवले, तर शेवटी देव आपल्याच मताचा उरतो, ही त्यांची धास्ती खोटी कशी म्हणावी? ज्या श्रद्धेला वडीलधाऱ्यांचा, परंपरेचा, मंडळीचा काहीच धाक नाही, ती हेकेखोरीकडे घसरायला वेळ लागत नाही. आपापले वेगळे चर्च थाटणाऱ्या कित्येक स्वयंघोषित पाळकांकडे पाहिले की हे पटते.

आनंदाच्या बाबतीत तर खुद्द रमाबाईंची साक्ष वेगळीच आहे. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे धर्म हाती होता, पण मनाला शांती नव्हती, ख्रिस्त भेटायचा राहिला होता. म्हणजे बिशपांपुढे ताठ उभे राहूनही आनंद मिळाला नाही. तो नंतर आला, शरण गेल्यावर. बंडखोर रमाबाईंच्या चाहत्यांना हे पान अडचणीचे वाटते, म्हणून ते बहुधा उलटले जाते.

आणि दुसरी अडचण रमाबाईंच्या केडगावच्या ‘मुक्ती’ या आश्रमाची. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली-बायका तिथे आणल्या. तिथे शिस्त होती, प्रार्थना होती, काम होते. १९०५ मध्ये तिथे जे धार्मिक जागरण झाले, त्यात मुली रात्र रात्र प्रार्थनेत रडल्या आणि मग आनंदाने गायल्या, असे वृत्तान्त आहेत. तो आनंद खोटा होता असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण जिने अन्न दिले तिचाच देव मानणाऱ्या मुलीपुढे नाही म्हणायची वाट किती मोकळी होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याआधी १८९३ मध्ये रमाबाईंच्याच शारदा सदन या संस्थेवरून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, त्यामागे हीच शंका होती. जी मोकळीक रमाबाईंनी आजीबाईंकडे मागितली, ती त्यांच्या छपराखालच्या प्रत्येकीला तेवढीच मिळाली असेल, असे वाटत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण इथे जास्त उजळ वाटते. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पतीची आज्ञा म्हणून मान तुकवली नाही. त्या भांडल्या, रडल्या, वेगळ्या राहिल्या, आणि स्वतःला पटल्यावर पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातला खळाळता विनोद अशा बाईचा आहे. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा मांडला, तो मिशनशी भांडण म्हणून नव्हे, भक्तीसाठी.

आमचा कौल असा: देवाची आज्ञा म्हणून जे सांगितले जाते त्यात सांगणाऱ्याचा लाभ किती, हे आधी तपासावे. पाळकाची प्रतिष्ठा, नवऱ्याची सोय किंवा संस्थेचा हिशेब त्यात सापडला, तर ‘नाही’ म्हणणे पाप नव्हे. आणि तसे काही नसेल, तर केवळ आपल्याला अवघड वाटते म्हणून ती आज्ञा टाळू नये. क्षमा करणे, वैऱ्याचे भले चिंतणे यांत सांगणाऱ्याला काही मिळत नाही. नेमक्या याच आज्ञा आपण सगळ्यांत कमी पाळतो.

चर्चमधल्या तरुणांच्या अभ्यासगटांनी रमाबाईंचा पत्रव्यवहार एकदा एकत्र वाचावा. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. दोन्ही बाजू त्यात आहेत. ती पत्रे जपून, जुळवून ठेवली होती सिस्टर जेराल्डीन यांनीच.