साडेचारशे वॅटची थाप

असेंबल्ड कॉम्प्युटरचं कोटेशन कधी नीट वाचलंय का? प्रोसेसरचं नाव, पिढी, नंबर. रॅम किती जीबी, कुठल्या कंपनीची. एसएसडी, मॉनिटर, अगदी माउसपॅडसुद्धा. आणि सगळ्यात खाली एका ओळीत: ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. कंपनी नाही, मॉडेल नाही, अँपिअर नाही. भाजीवाली पिशवीत वरून मूठभर कोथिंबीर टाकते, तसा आमचा दुकानदार पॉवर सप्लाय टाकतो.

माझं डीटीपीचं काम. पत्रिका, अहवाल, सीझनला दिवाळी अंक. तीन वर्षांपूर्वी मीही असलंच कोटेशन मंजूर केलं. प्रोसेसर हा घ्यावा की तो, यावर दुकानात दीड तास डोकं खाल्लं आणि एसएमपीएसबद्दल निघता निघता विचारलं. दुकानदार म्हणाला, “साहेब, साडेचारशे वॅटचा आहे. सगळे हाच नेतात.” सगळे नेतात हे खरं होतं. साडेचारशे वॅट ही थाप होती.

ऐन ऑक्टोबरात, अंकाची शेवटची आठ पानं लावायची राहिलेली असताना लाईट गेली आणि लगेच आली. फट्ट असा आवाज, मग जळका वास. एसएमपीएसचा डबा मेला याचं दुःख नव्हतं, पण जाताना तो मदरबोर्ड आणि हार्डडिस्क सोबत घेऊन गेला. व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढलं की स्वतःला बंद करून घेणं, एवढी तरी अक्कल सप्लायला असावी लागते. १२ व्होल्टच्या लाईनला पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६ एवढीच मुभा असते. माझ्या डब्याला मुभा आणि मर्यादा दोन्ही ठाऊक नव्हत्या. बॅकअप चार दिवस जुना होता. ती चूक माझी, दुकानदाराच्या माथी मारत नाही. बाकी सगळं मारतो.

आठवडाभर तसाच ठेवून मग तो डबा उघडला. (लगेच उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांत तीनशेच्या आसपास व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.) आत पाहिलं तर प्लॉट पाडलेत पण घरं बांधलीच नाहीत, अशी वसाहत. फिल्टरच्या कॉइलची जागा बोर्डावर छापलेली, आणि कॉइलऐवजी तिथे तारेचा तुकडा. बाहेरून येणारा दणका अंगावर घेणाऱ्या व्हॅरिस्टरच्या जागी नुसती दोन भोकं. हीटसिंक बिस्किटाच्या डब्यातून कापल्यासारखे. आउटपुटच्या कपॅसिटरांची डोकी पुरीसारखी टम्म, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट ओघळ. अंगावर ८५ अंश छापलेलं. चांगल्या सप्लायमध्ये १०५ अंशांचे घालतात, आणि कपॅसिटर १० अंश कमी तापला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. आमच्या पत्र्याखालच्या ऑफिसात मे महिन्यात काय होत असेल, हिशोब तुम्हीच करा.

आता लेबल. वर ठळक ४५० वॅट. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: १२ व्होल्ट, १४ अँपिअर. गुणाकार चौथीतल्या पोराचा, १६८ वॅट. ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळी पूर्ण धरल्या तरी बेरीज साडेतीनशेला पोचत नाही. त्यात त्या ओळींना आजच्या मशीनमध्ये फारसं गिऱ्हाईकही नाही. २००० साली पेंटियम ४ आला, तेव्हापासून प्रोसेसरचा भार १२ व्होल्टवर गेला, आणि ग्राफिक्स कार्डही मुख्यतः त्यावरच जगतं. म्हणजे कामाचा आकडा १६८. तोही लेबल खरं बोलत असेल तर. वरच्या ओळीत धडधडीत खोटं बोलणाऱ्याच्या खालच्या ओळीवर मी का विश्वास ठेवावा?

“आमचा आठ वर्षं चालतोय की!” चालत असेल. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा ऑफिसचा पीसी शंभर वॅटसुद्धा क्वचितच खातो, तेवढ्यावर असला डबा रेटून नेतो. मग एके दिवशी घरातलं पोरगं गेमसाठी ग्राफिक्स कार्ड आणतं, दुकानदार जुन्या पिनांवर कन्व्हर्टर ठोकून देतो, आणि आठ वर्षांची पुण्याई आठवड्यात संपते.

यूपीएसचीही तीच रड. लाईट गेल्यावर साधा यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ सप्लायने आपल्या कपॅसिटरांतल्या शिल्लकीवर तग धरायचा असतो. कपॅसिटरच चिमुकले घातले तर यूपीएस असूनही पीसी रीस्टार्ट होतो, आणि आपण यूपीएसवाल्याला फोन करून शिव्या घालतो. बिचारा बॅटरी बदलून जातो.

एक गंमत तर ऐकाच. अर्थिंग नसलेल्या खोलीत चांगला सप्लाय लावला की कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, कारण फिल्टरचे कपॅसिटर अर्थिंगच्या वायरला जोडलेले असतात. फिल्टरच नसलेल्या डब्याने सहसा मुंग्याही येत नाहीत. त्यावरून एका दुकानात मला ऐकवलं गेलं, “बघा, ब्रँडेड शॉक मारतो, लोकलचा प्रॉब्लेम नाही.” मी हात जोडले.

हजार वॅटचं धूड घ्या असं मी म्हणत नाही. बजेट पीसीला खरंखुरं बोलणारा ४०० किंवा ४५० वॅटचा सप्लाय पुरून उरतो. मला त्या वेळी फरक पडला असता दोन हजार तीनशे रुपयांचा. हार्डडिस्कमधला डेटा काढून द्यायला नंतर मागितले अठरा हजार. दुकानदार लबाड आहेच, पण पाचशे रुपये वाचवायला तीन दुकानं पालथी घालणारा मीच होतो, आणि ते पाचशे कुठून काढायचे हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

वॉरंटी मात्र त्याने चोख पाळली. मेलेला डबा दाखवल्यावर कुरकूर न करता हुबेहूब तसाच नवा काढून दिला. तेच लेबल, तेच ४५० वॅट. तो अजून माझ्या माळ्यावर खोक्यात पडून आहे. कुणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा. फक्त त्याला हार्डडिस्क जोडणार असाल, तर देणार नाही.