खारें पाणी आणि बारीक सोनें

आमचा धाकटा पुतण्या गेलीं नऊ वर्षें अमेरिकेंत, फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, कोको बीचपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो. गेल्या जून महिन्यांत तीं दोघें मुलांना घेऊन समुद्रावर गेलीं असतां कंबरभर पाण्यांत एक लाट अंगावर आली आणि सूनबाईंच्या गळ्यांतलें मंगळसूत्र तुटून गेलें. सोनें म्हणावें तर दोन तोळ्यांहून कमीच. परंतु त्यांतील एक वाटी तिच्या माहेरची आणि दुसरी माझ्या आईच्या मंगळसूत्रांतली. त्यामुळें ‘गेलें तें गेलें’ असें म्हणून कोणासच स्वस्थ बसवेना.

सूनबाईंनीं आठ दिवस येथें कांहींच कळविलें नाहीं. पुतण्यानें मात्र दुसऱ्याच दिवशीं अडीचशें डॉलर मोजून एक धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, विकत आणलें. तें कोणत्याही जमिनीवर चालतें असें दुकानदारानें छातीवर हात ठेवून सांगितलें होतें. कोरड्या वाळूंत तें चाललेंही; पाऊण तासांत बाटल्यांचीं सात झाकणें आणि एक नाणें निघालें. पण ओल्या वाळूवर पाऊल टाकतांच यंत्र जें ओरडूं लागलें तें थांबेचना. लाट आली कीं ओरडे, लाट गेली कीं ओरडे. संवेदनशक्ति उतरवून त्यास गप्प केलें, तेव्हां स्वतःच्या बोटांतली अंगठी चार बोटें खोल पुरली तरी त्यास तिचा पत्ता लागेना. मग काकांची आठवण झाली. मीं पस्तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें, यापलीकडे या विषयांत माझा कांहीं अधिकार नव्हता. पण त्या निमित्तानें जें वाचलें आणि जाणत्यांना विचारून घेतलें, तें येथें देतों. परदेशीं मुलें असलेलीं घरें आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत, आणि समुद्र तर सगळीकडेच खारा.

यंत्राच्या दांड्याच्या टोंकाला ताटलीएवढें एक चकतें असतें. त्यांत तारेचीं वेटोळीं असतात. एका वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विजेचा प्रवाह सोडला कीं खालच्या वाळूंत सतत बदलणारें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. त्या क्षेत्रांत धातु आली तर तिच्या अंगांत भोवऱ्यासारखे लहान प्रवाह फिरूं लागतात, आणि त्या भोवऱ्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्यास लागते. तत्त्व जुनेंच आहे. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांत रुतलेली गोळी शोधण्यासाठीं टेलिफोनवाले बेल यांनीं हेंच योजिलें होतें. गोळी सांपडली नाहीं. बिछान्यांतील पोलादी स्प्रिंगांनीं घोटाळा केला असें सांगतात.

तेथें बिछाना आडवा आला, येथें समुद्र येतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि क्षाराचें पाणी विजेचें वाहक. तांब्याच्या मानानें तें एक कोटि पटींनीं मंद खरें. पण अंगठी नखाएवढी, आणि समुद्र चकत्याच्या चारी बाजूंना पसरलेला. म्हणून त्यांतही भोवरे उठतात व यंत्र त्यांना धातु समजतें.

एवढ्यावर भागलें असतें तरी चाललें असतें. खरी अडचण पुढेंच आहे. जाड चांदीचें नाणें यंत्राला खणखणीत उत्तर देतें. तें उत्तर आणि समुद्राची कुरकुर यांत गफलत होत नाहीं. परंतु पातळ वर्ख, बारीक चमकी, नाजूक सांखळी यांचें उत्तर इतकें क्षीण व इतकें अल्पजीवी असतें कीं तें खाऱ्या पाण्याच्या उत्तराशीं जवळजवळ मिळतें. म्हणजे जें यंत्र समुद्राला गप्प बसवितें, तें बारीक सोन्यालाही थोडेंफार गप्प बसवितें. दुकानांतल्या माहितीपत्रकावर हें वाक्य आढळत नाहीं.

त्यांतही सांखळी सर्वांत अवघड. आपल्याला ती एक वस्तु दिसते. यंत्राला ती सुट्या कड्यांची ओळ दिसते, कारण एका कडीतून दुसरींत वीज नीटशी जात नाहीं. पांच तोळ्यांचा गोफ वाळूंत पडला तरी यंत्र त्याची एकेक कडीच मोजणार. मंगळसूत्राचे काळे मणि कांचेचे, ते तर यंत्राच्या लेखीं नाहींतच. राहिल्या दोन वाट्या. वाटी पोकळ असली तरी तिचा पत्रा अखंड असतो, भोवऱ्याला फिरावयास जागा मिळते. म्हणून मीं पुतण्यास प्रथम हेंच कळविलें कीं, मंगळसूत्र शोधूं नकोस, वाटी शोध.

आतां यंत्रें. त्यानें आणलेलें यंत्र एकाच कंपनसंख्येवर चालणारें होतें. अशीं यंत्रें शेतांत, बागेंत, गोड्या पाण्याच्या कांठीं उत्तम. जमिनीचा त्रास कमी करण्यासाठीं त्यांना एक तोल साधून देतां येतो. परंतु मिठाचा तोल साधला तर काळ्या वाळूचा बिघडतो, आणि काळ्या वाळूचा साधला तर मीठ ओरडतें. फ्लोरिडाची वाळू पांढरी, गारेची, म्हणून तेथें मिठाशींच काय तो झगडा. आपल्या रत्नागिरीकडच्या कांहीं किनाऱ्यांवर इल्मेनाइटची काळी वाळू आहे. तेथें असलें यंत्र नेणाऱ्यास दोन्ही बाजूंनीं मार खावा लागेल.

दुसरी जात ‘पल्स इंडक्शन’ची. हीं यंत्रें विजेचा एक ठोका देतात, थांबतात, आणि मग ऐकतात. समुद्रांतले भोवरे दहा-पंधरा मायक्रोसेकंदांत विरून जातात, धातूंतले थोडे अधिक टिकतात. म्हणून यंत्र तेवढा वेळ कान झांकून घेतें. खोलवर जाण्यांत आणि काळ्या वाळूला न जुमानण्यांत यांचा हात धरणारें दुसरें नाहीं. पाणबुड्यांसाठीं केलेलें गॅरेटचें ‘सी हंटर’ याच जातीचें. पण यांना लोखंड व सोनें यांतला भेद बहुधा सांगतां येत नाहीं. ज्या किनाऱ्यावर रोज हजारों माणसें येतात तेथें केंसांतील पिना, खिळे व तारा उकरण्यांतच दिवस जावयाचा. शिवाय कान झांकण्याचा वेळ वाढविला तर बारीक सोनेंही त्यांत निसटतें.

तिसरी जात अनेक कंपनसंख्यांची. एकाच वेळीं मंद व जलद अशा अनेक लहरी सोडून त्यांचीं उत्तरें ताडून पाहावयाचीं. मीठ प्रत्येक लहरीला एका तऱ्हेनें उत्तर देतें, धातु दुसऱ्या. त्या फरकावरून मिठाचा वांटा वजा करतां येतो. फिशरच्या जुन्या ‘सीझेड’ यंत्रांत ५ व १५ किलोहर्ट्झ अशा दोनच लहरी होत्या. ऑस्ट्रेलियाच्या मिनेलॅब कंपनीनें १९९१ सालच्या ‘सॉव्हरिन’पासून ही संख्या वाढविली. हल्लीं तिचें ‘इक्विनॉक्स’, तुर्कस्तानच्या नोक्ताचें ‘लेजंड’, फ्रान्सच्या एक्सपीचें ‘ड्यूस २’ हीं सर्व या पद्धतीचीं आहेत. किंमत पांचसहाशें डॉलरांपासून दीड हजाराच्या वर जाते. माझ्या मतें कंबरभर पाण्यांत हरवलेल्या वाटीसाठीं हीच जात घ्यावी, आणि तींतलें स्वस्त यंत्र घेतलें तरी चालेल. महागाचा पैसा बहुतेक अशा सोयींसाठीं जातो ज्या नवशिक्यास वापरतां येत नाहींत.

पण स्वस्त म्हणजे अर्धें ओलें चालणारें नव्हे. ‘पाण्यांत चालतें’ याचा अर्थ पुष्कळदां नुसतें चकतें पाण्यांत चालतें एवढाच असतो. वरची पेटी भिजली कीं संपलें. पेटीसकट सबंध यंत्र तीन मीटरपर्यंत बुडालें तरी चालेल असें असावें. सहासष्ट मीटरचें ‘एक्सकॅलिबर’ आपल्यास कशाला? बिनतारी हेडफोनचा मोहही धरूं नये. खारें पाणी रेडिओच्या लहरी गिळून टाकतें, त्यामुळें यंत्र बुडतांच कान बहिरे होतात. ‘ड्यूस २’चें तर चकतें आणि पेटी यांतलेंच नातें बिनतारी आहे, पाण्यांत उतरतांना त्यास निराळी तार जोडावी लागते. चकतें दहा-अकरा इंचांहून मोठें नको, लाट तें हातांतून ओढून नेते. आणि भोंकें पाडलेलें लांब दांड्याचें पोलादी फावडें विसरूं नये. पाण्यांत हातानें उकरून कांहीं हातीं लागत नाहीं.

विकत घेण्यापूर्वीं परीक्षा ओल्या वाळूवरच घ्यावी, दुकानांत नव्हे. सूनबाईंची बिनखड्याची बारीक अंगठी एका लांब दोऱ्याला बांधून, दोऱ्याचें दुसरें टोंक थोरल्या मुलाच्या मनगटास बांधून, प्रथम चार बोटें व मग वीतभर पुरावी असें मीं सुचविलें. (दोऱ्याची सूचना घरच्या मंडळींची, मला ती सुचली नव्हती.) अमेरिकेचें पांच सेंटांचें नाणें, तीन भाग तांबें व एक भाग निकेलचें, हेंही पुरून पाहावें. त्याचें उत्तर मध्यम अंगठीच्या जवळ जातें. तें ऐकूं येत नसेल तर अंगठीही येणार नाहीं. कॅनच्या ॲल्युमिनमच्या कड्यांचें उत्तरही तेथेंच पडतें, म्हणून कंटाळून तो आवाज बंद करून टाकण्याचा मोह होतो. त्या मोहानें किती अंगठ्या समुद्रांत राहिल्या असतील!

समुद्राची रीतही थोडी कळली पाहिजे. सोनें वाळूच्या कणाहून पुष्कळ जड. लाटांनीं वाळू ढवळली कीं तें खालीं खालीं जाऊन घट्ट थरावर बसतें. मऊ वाळूचा जाड थर वर आला कीं कोणतेंच यंत्र पोंचत नाहीं, आणि वादळानें तो ओढून नेला कीं वर्षानुवर्षांचें दडलेलें उघडें पडतें. कोको बीचच्या दक्षिणेस ३१ जुलै १७१५ रोजीं स्पॅनिश जहाजांचा एक अख्खा ताफा तुफानांत फुटला. वादळानंतर त्यांतलीं नाणीं अजून किनाऱ्यावर येतात. म्हणून पुतण्यास सांगितलें कीं, वादळानंतरचा अमावास्या-पौर्णिमेचा सुमार धर, ओहोटीच्या आधीं दोन तास जा. तेथें भरती-ओहोटींत फरक मीटरभराचाच. पण तेवढ्यानेंही कंबरभर पाणी मांडीपर्यंत येतें. पंचांग तेथेंही उपयोगीं पडलें.

कायद्याचें विचारून घ्यावें. जवळच केंद्र सरकारचा राखीव किनारा आहे, तेथें यंत्र नुसतें बाळगणेंही मना. दुसऱ्याची हरवलेली वस्तु सांपडली तर फ्लोरिडांत ती पोलिसांना कळवावी लागते. आपल्याकडे पुरलेलें धन दहा रुपयांवरचें निघालें तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरांना लेखी कळवावें लागतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

पुतण्यानें ऑगस्टांत नवें यंत्र घेतलें. सप्टेंबरच्या वादळानंतर चवथ्या खेपेस, मांडीभर पाण्यांत, फावड्यांत एक वाटी आली. फोनवरच्या चित्रांत ती आम्हीं सर्वांनीं पाहिली. माझ्या आईच्या वाटीला कांठाजवळ एक बारीक पोंचा होता. लहानपणीं मींच ती दातांखालीं धरली होती, आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता. सांपडलेल्या वाटीला पोंचा नाहीं; ती सूनबाईंच्या माहेरची. यंत्र त्यानें अद्याप विकलेलें नाहीं. दर खेपेस घरीं येऊन गोड्या पाण्यानें धुवून ठेवतो, असें कळवितो.